हात मागे

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये येणारी माणसं बरी व्हायला येत नाहीत. त्यांची मूत्रपिंडं गेलेली असतात, म्हणून एक दिवसाआड येऊन चार तास यंत्राला जोडून घेतात, रक्त धुऊन घरी जातात आणि परवा पुन्हा हजर. त्यांचा कंटाळा मला कळतो. ते निदान एक दिवसाआड येतात, मी रोज येते.

जोडायचं म्हणजे हाताच्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या. ती शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते. बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथरते. एक सुई रक्त बाहेर नेते, दुसरी परत आणते. सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून आरपार गेली की हात फुगतो, काळानिळा पडतो आणि तो माणूस आठवडाभर आपल्याशी धड बोलत नाही.

नर्स म्हणून नुकत्याच लागलेल्या नव्या मुलीने त्या आठवड्यात असे दोन हात फुगवले होते. शिकून आलेली, कामाला वाघ, पण सुई हातात घेतली की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. आमचे सगळ्यात जुने पेशंट म्हणजे मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे. ते तर तिला बघितलं की शर्टाची बाही खाली ओढायचे. "सिस्टर, माझ्या हाताची चाळण झालेलीच आहे," ते म्हणायचे, "हिला दुसरी चाळण द्या."

मग मी जायचे, तिच्या हातातून सुई काढून घ्यायचे आणि झटक्यात काम उरकायचे. शिकवत बसायला वेळ कुणाकडे होता? असं करता करता खोलीतली प्रत्येक सुई माझ्याच हातून जायला लागली. घरी पोचेपर्यंत पाठ धरायची, बोटं वळायची नाहीत. सासूबाई माझं ताट झाकून ठेवायच्या. लेकीने मला शाळेतल्या गमती सांगणं बंद केलं होतं, कारण मी यायच्या आत त्या आजीला सांगून झालेल्या असायच्या. मी चिडचिडी झालेय हे मला कळत होतं, पण चिडचिड थांबवायलाही अंगात बळ लागतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "ही मुलगी ठेवायची की दुसऱ्या वॉर्डात पाठवायची? शनिवारी सांगा." मनातून मी तिला केव्हाच पाठवून मोकळी झाले होते.

शुक्रवारी मोठ्या सिस्टर आल्या. मला सुई धरायला शिकवलं ते त्यांनीच. हे युनिटही त्यांनीच उभं केलं, आणि निवृत्तीनंतर पेशंट होऊन इथेच परत आल्या. जन्मभर लोकांचं बीपी मोजलं, स्वतःचं मोजायला सवड झाली नाही. पेशंटच्या खुर्चीत पहिल्यांदा बसताना म्हणाल्या, "चला, एकदाचं इथे बसायला मिळालं." सगळे हसले. मी स्टोअरमध्ये जाऊन रडून घेतलं.

त्यांची शिकवायची रीत साधी होती. सुरुवातीला सुई द्यायच्याच नाहीत. डोळे मिटून पेशंटच्या शिरेवर नुसतं बोट ठेवायला लावायच्या. मग कधीतरी सुई हातात द्यायच्या आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहायच्या. अगदी जिवावरचं असल्याशिवाय ते हात पुढे येत नसत. माझी पहिली सुई चुकली तेव्हा मास्तर ओरडले. मोठ्या सिस्टर मास्तरांना म्हणाल्या, "रागवायचं तर माझ्यावर रागवा, शिकवतेय मी." आणि मला एवढंच, "थांब. श्वास घे. आता कुठे आहेस ते सांग." मी चाचरत सांगायला लागले, आणि सांगता सांगताच सुई नेमकी कुठे आहे ते मला कळलं.

या बाईला काळीज नाही, असं तेव्हा मला वाटायचं. इतकं शांत कुणी कसं राहतं? त्यांची थट्टा करायला आम्हाला एकच विषय होता. त्यांच्या घड्याळाचा पट्टा सारखा तुटायचा. कोपऱ्यावरचा घड्याळवाला तुमच्याच जिवावर जगतोय, असं आम्ही म्हणायचो. "हल्ली पट्टेच हलके येतात," त्या म्हणायच्या.

त्यांच्या उजव्या हाताची शीर मागेच बंद पडली होती. आता डावा हात तेवढा राहिला होता. त्या हाताला माझ्याशिवाय कुणी टोचायचं नाही, असा माझा नियम होता. मी सुया काढल्या, पण मोठ्या सिस्टरांनी नव्या मुलीकडे बोट केलं.

"आज ही टोचेल."

"नाही," मी म्हटलं. "तुमचा हात नाही."

"हात माझाच आहे ना?"

"हा बिघडला तर मानेत नळी घालायची वेळ येईल. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"ते नको सांगूस. शेवटची रजा कधी घेतलीस ते सांग."

मी सुयांची पाकिटं उगाच सरळ करत राहिले.

"डोळे बघ तुझे. उद्या तू आडवी झालीस तर मला कोण टोचणार? मास्तर?"

"माझी काही हरकत नाही," शेजारच्या खुर्चीतून मास्तर म्हणाले. "चष्मा तेवढा घरी राहिलाय."

नवी मुलगी माझ्याकडे बघत पुटपुटली, "सिस्टर, मला नाही जमणार."

"सुई माझ्या हाताला टोचायचीय, तिच्या नाही," मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या. "माझ्याशी बोल. आधी डोळे मीट आणि बोट ठेव."

मला त्यांचा राग आला. खरं तर तो राग नव्हता, भीती होती. ही शीर गेली तर पुढे काय, हे आम्हा दोघींना पुरतं ठाऊक होतं, आणि मला त्या हव्या होत्या.

मुलीने डोळे मिटून बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. पहिली सुई घातली आणि नळीत रक्त आलं. मास्तरांनी बाही वर केली, कौतुकाने की सवयीने कोण जाणे. दुसरी सुई आत गेली आणि नळी कोरडीच राहिली. मुलगी थिजली. मोठ्या सिस्टरांच्या कपाळावर आठी उमटली, ओठ पांढरे पडले, आणि माझा हात आपोआप सुईकडे गेला.

त्यांनी मोकळ्या उजव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या हातात आता जोर उरलेला नव्हता. मी हिसडा दिला असता तर सहज सुटले असते.

"हात मागे," त्या म्हणाल्या.

मी हात पाठीमागे घेतले. मुलगी माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला एकच येत होतं.

"थांब. श्वास घे. आता कुठे आहेस ते सांग."

"आत आहे," ती म्हणाली. "पण... पुढे काहीतरी लागतंय. खालच्या भिंतीला टेकलेय बहुतेक."

"मग?"

"थोडी मागे येते. टोक वर उचलते."

तिने सुई केसभर मागे घेतली. नळी लाल झाली. मुलीने पट्टी चिकटवली, यंत्र सुरू केलं आणि तोंड धुवायला पळाली.

"दाखव," मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या.

"काय?"

"हात."

मी हात पुढे आणले. माझ्या डाव्या मनगटावर माझ्याच नखांचे लाल वळ उठले होते, एका ठिकाणी कातडी निघाली होती. त्यांनी ते निरखून पाहिलं.

"घड्याळ घालत जा," त्या म्हणाल्या. "पट्टा तुटतो, पण कातडी वाचते."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी तिथेच उभी राहिले. किती पट्टे तुटले होते, आणि त्यातले माझ्यापायी किती, ते आता विचारण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं.

शनिवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मुलगी राहू दे, आणि मला सोमवारी रजा हवी आहे. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय.

सोमवारी लेकीला शाळेत सोडून मी घरी आले आणि चहा केला. मोठ्या सिस्टरांची खुर्चीत बसायची वेळ झाली तेव्हा चहा निवला होता. फोन समोरच होता. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि खिडकीशी उभी राहिले.