फी, नॉल, थॅ, लीन

चमच्याच्या टोकाला सुपाचा थेंब लोंबत होता, पडेना की आत जाईना, आणि चमचा ओठांपासून बोटभर अंतरावर खिळल्यासारखा उभा.

"आधी शब्द, मग सूप," सून म्हणाली. "म्हणा बाबा, पे... नॉल... पथ... लीन."

पथलीन. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या सरांच्या अंगावर शहारा आला, म्हणजे डाव्या अर्ध्या अंगावर. उजव्यानं झटका आल्यापासून शहारणंही सोडलं होतं. जीभ लुळी पडली तरी आतलं तोंड शाबूत होतं आणि तिथे ते दिवसभर वर्ग घेत — फी-नॉल-थॅ-लीन, मधला फ गिळायचा, गाढवांनो, चावायचा नाही... रसायनांची वावभर नावं ते खाटकासारखी सांध्यावर तोडत, डस्टरच्या ठोक्यावर; मुलं त्यांना हायफन सर म्हणत आणि ते त्यांना आवडे. ही सून नवी नवी घरात आली, कपाटातल्या बाटलीवरचं नाव तिनं एकही अक्षर न सोडता 'पेनॉलपथलीन' असं वाचलं, आणि झालं, आयतीच सापडली. पाहुणा आला रे आला की हाक — पथलीनबाई, चहा आणा, वाटेत लीन होऊ नका. पाहुणे हसत, मुलगा हसे, तीही हसे... हसे ना? कपबशा तेवढ्या जरा वाजत.

टायची गाठ सारखी करत मुलगा दारातून डोकावला. "बाबा, ऐका हो तिचं. किती जीव तोडून करते तुमच्यासाठी."

"तू नीघ," ती म्हणाली. "आमचा तास चाललाय."

तिनं वाटीवर चमचा वाजवला. ठोका बरोबर पडला होता, हीच तर पंचाईत. उपाशी मरेन पण हिला सुधारून मरेन — सरांनी सगळं बळ ओठांत आणलं, फ साठी ओठ दातांखाली घेतला, आणि बाहेर आलं,

"पे... पथ... लीन."

झटक्यानंतरचा पहिला शब्द. सुनेनं टाळी वाजवली. "शाब्बास. संध्याकाळी पाहुणे येताहेत, त्यांना म्हणून दाखवायचं हं." तिच्या डोळ्यांत त्यांनी थट्टा शोधली, सापडती तर बरं झालं असतं.

सूप गरम होतं. चांगलं होतं. गिळता गिळता त्यांनी आतल्या वर्गाचं दार लावून घेतलं आणि खरा शब्द म्हणायला घेतला — फी... पुढचा तुकडा येईना. पुन्हा. पे... आतला आवाजही तिचा होता; आणि तो पुढे काय म्हणतो ते ऐकायला सर आ करून बसले होते.