सोवळ्याचा पट्टा

पद्मावती न्हाणीत घसरल्या आणि त्यांच्या मोडलेल्या मणक्याला सळ्या नि स्क्रू बसवावे लागले. तेव्हापासून पेडण्याच्या त्या घरात डॉक्टरांचा एकच कायदा चालत होता: उभं राहायचं तर कमरेला पट्टा हवा, आणि वाकायचं नाही.

त्यांची लेक मनीषा तो डोळ्यांत तेल घालून पाळत होती. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट गौरेश घरी येई. वॉकर धरून तो पद्मावतींना अंगणापर्यंत चालवी.

"आजी, पाय उचला. नाचूक नाय सांगत."

"आधी तुका मुलगी कोण देता ता बघतंय, मगे नाचतंय."

मनीषाला वाटू लागलं होतं, चतुर्थीला आई आपल्या पायांनी गणपतीसमोर उभी राहील.

एका सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली, तर पट्टा वॉकरवर लटकत होता आणि आई तुळशीच्या खालच्या कोनाड्याशी वाकलेली होती. पणती लागली होती. आईला मात्र सरळ होता येत नव्हतं.

"पट्टा का काढलास?"

"तो माझ्याबरोबर संडासात येता. तोच गुंडाळून तुळशीक दिवो लावू?"

"रोज काढायचीस?"

"तू न्हातस तेवढोच वेळ गो."

एक्स-रेत स्क्रूंनी हाडाची पकड सोडलेली दिसली. हाडं ठिसूळ, वय झालेलं. पाठ पुन्हा उघडण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू दोन्ही पायांतलं बळ गेलं. गौरेश येतच राहिला. निजल्या जागी पाय हलवून द्यायचा, थट्टाही करायचा. पद्मावती छताकडे बघत पडून राहायच्या.

मनीषाने तसाच दुसरा पट्टा विकत आणला. एक न्हाणीचा, एक देवाचा, एवढंच तर हवं होतं. आईने कधी मागितला नव्हता. आणि चामड्याचं पाकीटही देवघरात न नेणाऱ्या घरात वाढूनही मनीषाला ते वेळेवर सुचलं नव्हतं. आता तो का आणला, हे तिला सांगता आलं नसतं.

आईने पट्टा चाचपून पाहिला.

"धुवन वेगळो सुकत घाल. कोणाक शिवूक दिव नको."

मनीषाने तो धुतला, वेगळ्या दोरीवर घातला. तिन्हीसांजेला पणती घेऊन ती तुळशीपाशी गेली. खिडकीतून आईचा आवाज आला.

"बाय, सावकाश वाक गो."

मनीषा वाकली. पणती लागली, तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.