माझी डावी बाही

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा स्वेटर आहे. रंगाने करडा, खांद्याभोवती पांढरी नक्षी, आणि स्वभावाने टोचरा. घालणाऱ्याच्या मानेला मी टोचतो हे मला मान्य आहे. पण आमच्या आइसलँडच्या वाऱ्यात उभं राहायचं तर मऊपणा करून भागत नाही.

मला विणलं हेर्दिसच्या आईने. तिचा हात सैल होता. कॉफी पीत, शेजारणीशी गप्पा मारत ती विणायची, म्हणून माझे टाके मोकळे आणि ऐसपैस आहेत. मी पुरा झालो आणि त्याच वसंतात ती गेली. हेर्दिस नाटकांतून कामं करायची. त्या वर्षी तिला सिनेमात कोळ्याच्या विधवेचं काम मिळालं. तिने सांगून टाकलं, "बाकी कपडे तुमचे घालीन. स्वेटर मात्र आईचाच." असा मी सिनेमात गेलो. खोटं कशाला बोलू, मला बरीच ऐट चढली होती.

पण त्या सिनेमाला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. शूटिंग उत्तरेच्या एका खाडीवर होतं. आधी होडीचं इंजिन बंद पडलं. ते दुरुस्त झालं तर धुकं उतरलं. तीन आठवड्यांचं काम आठवा आठवडा गाठायला निघालं. रोज सकाळी सगळे तयार व्हायचे आणि मासळीच्या कारखान्यातल्या कॉफीच्या खोलीत, शेगडीभोवती, नुसते बसून राहायचे. माणसं कामाने थकत नाहीत तेवढी बसून थकतात, हे मी तिथे पाहिलं.

हेर्दिसच्या दिराचं काम करणारा नट म्हणजे ओडुर. तो आपले संवाद दिवसभर मोठ्याने घोकायचा. त्याने हेर्दिसचं डोकं उठायचं. ती दिवसभर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळायची. त्या आवाजाने ओडुरचं डोकं उठायचं. त्याच्या डोक्यावर एक टोपी असे, त्याने स्वतः विणलेली. शाळेत सगळ्या मुलांसारखा तोही विणायला शिकला होता, पण चुकीचा शिकला होता. प्रत्येक टाका मागून घ्यायचा आणि दातओठ खाऊन आवळायचा. त्यामुळे टाके पिळलेले आणि टोपी अशी घट्ट की कपाळावर वळ उठावा. सिनेमात एका प्रसंगी हेर्दिसने ती टोपी त्याच्या डोक्यावरून ओढून काढायची होती. धुक्यापायी तो प्रसंग बावीस वेळा घेतला.

"तुझी टोपी निघत नाही," ती बाविसाव्यांदा म्हणाली.

"तू ओढत नाहीस, कुरवाळतेस," तो म्हणाला.

झालं. हेर्दिस भडकली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ओडुर, तुझा अभिनय म्हणजे दांडीवर वाळत घातलेला मासा आहे. वारा आला तरच हलतो." सगळे हसले. ओडुर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी होडीत लाट आली आणि हेर्दिस माझ्यासकट नखशिखांत भिजली. दुपारी आणखी एक प्रसंग घ्यायचा होता. मला खुर्चीवर वाळत टाकून ती कोरडं काहीतरी शोधायला गेली. खोलीत ओडुर एकटा होता. त्याने माझी बाही चाचपली. "ओल्या लोकरीत काकडेल ही," असं पुटपुटत त्याने खुर्ची शेगडीजवळ सरकवली. मित्रांनो, एवढंच. तेवढ्यात बाहेरून हाक आली, होडी सुटली, धावा. तो धावला. मी शेगडीजवळ राहिलो, आणि माझी डावी बाही कोपरापर्यंत करपली.

हेर्दिस आली तेव्हा खोलीभर धूर होता आणि ओडुर दारात उभा होता.

"हे तू केलंस?"

"हो, मीच," ओडुर म्हणाला. कालचा मासा अजून त्याच्या घशात अडकला होता. पुढचं वाक्य त्याने गिळलं.

मला दुरुस्तीसाठी कपडे सांभाळणाऱ्या सोलरुनकडे दिलं. संध्याकाळी ओडुर तिच्या स्वयंपाकघरात आला.

"दे इकडे. मी विणतो."

"तुझी ती टोपी पाहिली आहे मी," सोलरुन म्हणाली. "राहू दे."

"जाळलं मी, तर विणणारही मीच. पण नाव तुझं सांग. माझं कळलं तर ती स्वेटर अंगाला लावायची नाही."

दोन दिवस तो खिडकीशी बसून विणत होता, उसवत होता, पुन्हा विणत होता. माझ्याशी इतक्या काळजीने कुणी वागलं असेल तर हेर्दिसच्या आईनंतर तोच. हेर्दिसने उरलेलं काम मला रेनकोटाखाली घालून उरकलं. बाहीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी तिला पाहवेना, म्हणून शेवटच्या दिवशी तिने मला तिच्या नाट्यगृहाच्या कपड्यांच्या पेटीत टाकलं, आणि त्या दोघांचं बोलणं कायमचं तुटलं.

एकतीस वर्षं मी त्या पेटीत होतो. कसर लागली, पाठीला दोन भोकं पडली. सोलरुनही गेली. खरं काय ते ओडुरला आणि मला ठाऊक. तो सांगणार नव्हता, मला सांगता येत नव्हतं.

मग इदुन नावाच्या मुलीने त्या शूटिंगवर नाटक लिहिलं. हेर्दिसने तिला सगळं सांगितलं होतं, तिला माहीत होतं तेवढं. मला पेटीतून काढलं, आणि तालमीत ओडुर झालेला नट मला हसत हसत शेगडीवर धरायचा. गावभर त्याचीच चर्चा. खरा ओडुर बंदराजवळच राहत होता. इदुन तिकीट घेऊन गेली तर तो म्हणाला, "त्या दिवशी मला सर्दी असेल." प्रयोगाला अजून तीन आठवडे होते. ऐकून मला फार वाईट वाटलं. एका भल्या माणसाला माझ्यामुळे वाईट ठरवणार होते, तेही माझ्याच साक्षीने.

एका तालमीला हेर्दिस आली. "स्वेटर असा नाही, असा धरायचा," म्हणत तिने मला हातात घेतलं, एकतीस वर्षांनी पहिल्यांदा. आईचा हात शोधत तिची बोटं उजव्या बाहीवरून गेली, मग डाव्या. कोपराशी अडखळली. तिने मला उलटा केला, दिव्याखाली धरला.

"ही सोलरुनची वीण नाही," ती म्हणाली. "ही ती टोपी आहे. बावीस वेळा ओढली आहे मी."

मला काखोटीला मारून ती तडक बंदरावर गेली. ओडुरने दार उघडलं.

"का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर दिलं."

"एकतीस वर्षं, ओडुर."

"खुर्ची जरा जास्तच सरकवली," तो म्हणाला. "तू काकडशील वाटलं."

हेर्दिस तिथेच पायरीवर बसून रडली. तो शेजारी बसला. मग तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याच्यापुढे धरली, आणि त्याने ती खाल्ली.

नाटकातला तो प्रसंग इदुनने बदलला. आता रंगमंचावरचा ओडुर खिडकीशी बसून विणतो आणि उसवतो, आणि प्रेक्षकांत कुणी खोकतही नाही. पहिल्या प्रयोगाला खऱ्या ओडुरला सर्दी झाली नाही.

मित्रांनो, जुना कपडा टाकून देण्याआधी एकदा उलटा करून पाहा. आत कुणाचा तरी हात असतो. आणि आम्हाला शेगडीपासून दोन हात लांब वाळत घाला, एवढी विनंती.

प्रयोग संपला की हेर्दिस मला घालूनच घरी जाते. डावी बाही तिला फार घट्ट होते. कसरीची भोकं तिने बुजवली, पण ती बाही मात्र तिने सैल करू दिली नाही.