अपेक्षित निकाल

शाल्मली चाचणी रोज सकाळी माझ्या लॅपटॉपमधून बाहेर यायची, आमच्या सोफ्यावर बसायची, मला पसंत करायची आणि नाहीशी व्हायची.

तिला मीच लिहिलंय. एका विवाहमंडळाची वेबसाइट नीट चालते की नाही हे बघणं माझं काम. त्यासाठी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आहे. तिला ओळीओळीने सांगून ठेवलं की ती आपली आपण ब्राउझर उघडते, नाव भरते, बटण दाबते. बटण दाबायला कुणीतरी मुलगी हवी, म्हणून शाल्मली. आडनाव चाचणी, कारण खऱ्या मुलींत मिसळायला नको. स्थळ म्हणून एक फोटो लागत होता, माझाच हाताशी होता. तिने ‘पसंत’ दाबलं की पडद्यावर चाचणी पास झाल्याची हिरवी खूण यायची, ब्राउझर बंद व्हायचा आणि सोफा रिकामा.

आईला यात वावगं काही दिसलं नाही. फक्त आडनाव खटकलं.

“चाचणी म्हणजे कुठले रे? देशावरचे का?”

“आमच्या ऑफिसातले.”

“असू देत. मुलगी शांत आहे. चहा होईपर्यंत तरी थांबव की तिला. आली की पळते.”

म्हणून मी ब्राउझर बंद करायची शेवटची ओळ काढून टाकली. शाल्मली थांबली. समोर चहा ठेवला तर नुसती बघत बसली, कारण चहा पिण्याची ओळ नव्हती. ती लिहिली, मग प्यायली. हसायची लिहिली. आईला कांदा चिरून द्यायची लिहिली. मी ऑफिसचं रडगाणं लावलं की ‘हो ना’ म्हणायची लिहिली. खोटं कशाला बोलू, फार छान दिवस होते.

पण जिच्यासाठी ओळ नाही अशी वस्तू घरात टिकेना. आधी गॅलरी गेली, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मग बाहेरचं दार भिंत झालं. दूधवाला पलीकडून बराच वेळ बेल शोधायचा आणि निघून जायचा. आई स्वयंपाकघर ते सोफा एवढंच चालू शकायची. तिने तक्रार केली नाही, सून घरात होती.

एका दुपारी लसूण सोलता सोलता तिने विचारलं, “शाल्मली, तुला आमचा हेरंब खरंच पसंत आहे का गं?”

“पसंत,” शाल्मली म्हणाली आणि तिने बोटाने हवा दाबली.

आई माझ्याकडे वळली. “हिला दुसरं काही म्हणता येतं का?”

“नाही.”

“का?”

“तशी ओळ नाही. मी लिहिली नाही.”

“मग आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घालून घेतोयस तू. दुसरं काय?”

मला फार वाईट वाटलं. कांदा कसा चिरायचा ते लिहिलं, कधी हसायचं ते लिहिलं, आणि नको म्हणायची एक ओळ मला सुचली नाही. तिच्या प्रत्येक ‘हो ना’ची मला लाज वाटू लागली.

मी लगेच बसलो आणि ‘नापसंत’ लिहिलं, दार उघडून निघून जायची ओळही लिहिली. भिंतीत पुन्हा दार आलं. आता शेवटी अपेक्षित निकाल भरायचा होता. चाचणीला ते सांगावंच लागतं, काय व्हायला हवं ते. तिथे मी कायम ‘पसंत’ लिहीत आलो होतो. आज हात चालेना. ती जागा कोरी सोडली. कोरी सोडली की काहीही झालं तरी चाचणी पासच होते. ऑफिसात कुणी अशी सोडली तर बोलणी बसतात. मी तशीच चालवली.

शाल्मलीने आईकडे पाहिलं, मग कपाकडे, मग माझ्याकडे. इतके दिवस ती माझ्या फोटोकडे बघायची. कप अर्धाच ठेवून ती उठली.

“तुमच्याकडे चहा फार गोड असतो,” ती म्हणाली. “मला कमी साखर लागते.”

मी हे कधी विचारलंच नव्हतं.

ती दार उघडून बाहेर पडली. लॅपटॉपवर हिरवी खूण आली. जिन्यावरून अनवाणी पावलं खाली उतरत होती. तिला चपला द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने स्वतःच्या चपला उचलून माझ्यापुढे धरल्या.

“अरे, ऊन किती आहे बाहेर. जा, दे नेऊन.”

मी उठायला गेलो. उठता येईना; माझ्यासाठी तशी ओळ नव्हती.