कुठेच न नेणारा जिना

मी एक जुना जिना आहे, मित्रांनो, आणि माझ्यावरून चढून आजवर कोणीही वरच्या मजल्यावर पोचलेलं नाही. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. सुरतेच्या एका इस्पितळात, लकव्याने किंवा अपघाताने अधू झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवतात, त्या वॉर्डात मी उभा असतो. विणकामाच्या यंत्राच्या खोक्यातल्या फळ्यांपासून सुताराने मला बनवलं, तेव्हा माझं फार कौतुक झालं. आता माझ्यावर डबे ठेवतात, ओले टॉवेल वाळत घालतात.

शिकाऊ डॉक्टर तर माझ्यावर बसून मोबाइल बघतात. इथली पाळी म्हणजे आराम, अशी त्यांची समजूत. हर्षदाही तशीच आली. पहिल्याच राउंडला तिने धुडकूचे सगळे रिपोर्ट घडाघडा म्हणून दाखवले. धुडकू पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचा. लकव्याने त्याची डावी बाजू लुळी पडली होती. व्यायाम शिकवणाऱ्या मालतीबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "छान. आता हे राहतात कुठे, ते सांगा."

ते काही रिपोर्टात नव्हतं. हर्षदाने जाऊन धुडकूच्या बायकोला, कलाबाईला विचारलं. खोली माळ्यावर, जिना उभा. चढता आलं नाही तर दीर लखन गाडी करून धुडकूला गावी नेणार आणि कलाबाई साड्यांना टिकल्या लावायला इथेच राहणार. लग्नापासून दोघं कधी वेगळी राहिली नव्हती.

म्हणून कलाबाई जिवापाड सेवा करी. घास भरवी, बटणं लावी, माझ्यावर चढताना त्याला काखेत धरी. भेटायला आलेले गाववालेही आल्याआल्या हात लावत. आजाऱ्याजवळ नुसतं उभं राहणारा त्यांच्या लेखी दगडच. हर्षदाही दुसऱ्या काखेत हात घाली. मधोमध धुडकू नवरदेवासारखा मिरवत जाई. त्याचा भार मात्र माझ्या फळीवर पडतच नसे.

"हात मागे घ्या दोघींनीही," एका सकाळी मालतीबाई म्हणाल्या आणि स्वतः धुडकूच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "चढताय तुम्ही. ते नाही."

कलाबाईला हे निर्दय वाटलं. हर्षदालाही. धुडकू कठडा धरून उभा होता. लुळ्या पायावर भार टाकून दुसरा उचलायचा धीर होईना. हर्षदाचा हात पुढे आला, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. डॉक्टरला काहीच न करता एवढं थकलेलं मी प्रथमच पाहिलं.

धुडकू बायकोला म्हणाला, "तू वर जाय. मी येस."

ती वर जाऊन पदर मुठीत धरून उभी राहिली. मग माझ्यावर एक पाऊल पडलं, वाकडं, पण पुऱ्या भाराचं. मी करकरलो.

पुढे हर्षदा त्यांच्या खोलीचा जिना बघून आली आणि माझ्या पायऱ्या तेवढ्याच उंच होतील अशा फळ्या माझ्यावर ठोकून घेतल्या. या वयात मी उंच झालो. धुडकू त्याही चढला, त्या दिवशी कलाबाईने माझ्या माथ्यावरूनच फोन लावला.

"लखनभाऊ, गाडी नका करू. तुमना भाऊ घर येतस आते."

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी हळूहळू चढत असेल. त्याच्या जवळ उभे राहा. पडू लागला तर धरा. तोवर त्याचं पाऊल त्याला टाकू द्या.