डोंगरात न गेलेली बाई

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. मोटारीच्या मागे अडकवून न्यायची, दोन चाकांवरची एक खोली. माझं एक चाक आता फिरत नाही आणि छपराला कोपऱ्यात ठिगळ आहे. पण मित्रांनो, म्हणून मला मोडीत काढू नका. शनिवारी माझ्या दाराशी जेवढी गर्दी होते, तेवढी वेल्सच्या या खोऱ्यात कुठल्या नव्याकोऱ्या गाडीभोवती झालेली मी तरी पाहिली नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतलं इद्रिसनं. तो कोळशाच्या खाणीत होता. उन्हाळ्यात खाणीला सुट्टी लागली की सगळं गाव एकदमच समुद्रावर जायचं, आणि तिथंही शेजारी तेच! पोरं वाळूचे पाय घेऊन गादीवर चढायची आणि इद्रिसची बायको ओरडायची. फार सुखाचे दिवस होते ते. मग खाण बंद पडली, इद्रिस थकला, आणि घरामागे मला जी उभी केली ती उभीच. छपरावर शेवाळ आलं. शेजारच्या कोंबड्या माझ्या पायरीखाली अंडी घालू लागल्या. दार मात्र कुणी उघडेना. खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं.

इद्रिस गेल्यावर त्याच्या मुलीनं मला टोमोस आणि नेरिस यांना देऊन टाकलं. ही दोघं नाटकवाली. टोमोस नाटक लिहायचा आणि लाकडाची ठोकाठोकही करायचा. नेरिस त्यात काम करायची. पण त्यांचं नाटक भलतंच होतं. पडदा नाही, खुर्च्या नाहीत. माझी पायरी चढून आत आलात की तुम्हीच नाटकात! मोठ्या शहरात विज्ञानाचं संग्रहालय आहे, पण खोऱ्यातली माणसं तिकडे फिरकत नाहीत. बसला पैसे पडतात हे एक, आणि ‘तिथं आपलं काय काम?’ हे दुसरं. म्हणून विज्ञानच त्यांच्या दाराशी न्यायचं, असं या दोघांनी ठरवलं.

त्यांनी मला खरवडलं, रंगवलं, आत फळ्या ठोकल्या, फळ्यांवर बाटल्या मांडल्या. रोज सकाळी नेरिस लाल कोबी उकळून त्याचं जांभळं पाणी काढायची. त्यात आंबट काही पडलं की ते गुलाबी होतं, साबण पडला की हिरवं. नियम दोनच होते. मूल एकटं आत यायचं नाही, घरचं मोठं माणूस सोबत हवं. आणि नेरिसनं काही झालं तरी गोष्टीतून बाहेर यायचं नाही. एकदा माझं छप्पर तिच्या डोक्यावर गळलं, तर ही बया म्हणाली, “बघा, डोंगराचं पाणी आलं!”

गोष्ट अशी होती. डॉक्टर मॉरवेन नावाची बाई डोंगरात उतरली आहे आणि परत आलेली नाही. नेरिस तिची मदतनीस. आलेल्या कुटुंबांनी बाटल्यांतलं पाणी तपासायचं आणि त्यावरून बाई कुठल्या बोगद्यात आहे ते शोधायचं. किनाऱ्यावरच्या गावांत मुलं नुसती नाचली. माझंही खूप कौतुक झालं, आणि मी थोडी फुगलेही.

मग त्यांनी मला आणलं इद्रिसच्याच गावात. चिप्सचं दुकान आणि कपडे धुण्याचं दुकान यांच्यामध्ये मी उभी राहिले. बराच वेळ कुणीच आलं नाही. शेवटी लोवरी नावाची एक मुलगी आपल्या आजीला, ओल्वेन आजीला, हाताला धरून ओढत आली.

“आजी, चल ना गं!”

“अगं, विज्ञान-बिज्ञान आपल्याला कुठलं झेपतंय? शाळेत बाई मला शेवटच्या बाकावर बसवायच्या, ते काय उगाच?”

“आत चहा आहे,” टोमोस हळूच म्हणाला.

“मग आधी नाही का सांगायचं, मेल्या!” असं म्हणून आजी आत आली.

तिनं चहाचा पहिला घोट घेतला आणि नेरिस धापा टाकत पुढे आली. “बरं झालं आलात! डॉक्टर मॉरवेन खाली गेल्यात डोंगरात. अजून वर आल्या नाहीत!”

आजीचा कप तिथंच थांबला. “कुणाला सांगितलंस?”

“तुम्हालाच पहिल्यांदा.”

“लोवरी, इथून हलायचं नाही,” आजी म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळतच बाहेर गेली. नेरिसला वाटलं, वा, काय रंगल्यात आजी!

थोड्याच वेळात चिप्सच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. कपडे धुणाऱ्या बायका यंत्रं तशीच सोडून निघाल्या. कुणी घोंगड्या आणल्या, कुणी चहाचे थर्मास. गुइलिम काका एकेकाळी खाणीच्या बचाव पथकात होते. ते जुनं शिरस्त्राण घालून, खांद्यावर दोर टाकून माझ्या दारात येऊन ठाकले. “खाणीच्या कुठल्या तोंडातून उतरली ती?”

या गावात कुणी खाली खाणीत गेलं आणि वर आलं नाही, तर कोण, कुठली, हे कुणी विचारत नाही. सगळे बाहेर पडतात.

टोमोसचा चेहरा पांढराफटक पडला. नेरिस माझ्या पायरीवर आली आणि तिनं नियम मोडला. “कुणी गेलेलं नाही. अशी कुणी बाईच नाही. मी नटी आहे, हे नाटक आहे. चुकलं आमचं.”

ओल्वेन आजी पुढे आली. “माझे वडील खाली गेले, तेव्हा मी लोवरीएवढी होते. आई आणि मी इथंच उभ्या होतो. ते आलेच नाहीत. पोरी, तुला काय करायचं ते नाटक कर. पण हे वाक्य इथं खेळायला घ्यायचं नाही.”

नेरिसला रडू फुटलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चला रे, थट्टा झाली आपली,” गुइलिम काका म्हणाले आणि माणसं वळली. आता हे लोक माझ्या दाराशी पुन्हा येणार नाहीत, पोरांनाही येऊ देणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. टोमोस बाटल्या खोक्यात भरू लागला.

लोवरी मात्र आजीनं सांगितलं होतं म्हणून जागची हललीच नव्हती. तिच्या हातात एक बाटली होती. “मग हे पाणीपण खोटंच का?”

“नाही गं,” टोमोस म्हणाला. “ते खरं आहे. सकाळी तुमच्याच ओढ्यातून भरून आणलंय.”

लोवरीनं ते जांभळ्या पाण्यात ओतलं. रंग हळूहळू गुलाबीकडे वळला. “आजी! आपला ओढा आंबट आहे!”

लोवरीला न्यायला दारात आलेली आजी आत शिरली. “कुठल्याही पाण्यानं होत असेल तसं.”

“नळाचं घालून बघा,” नेरिस डोळे पुसत म्हणाली. आता ती कुणाची मदतनीस नव्हती, नुसती नेरिस होती. आजीनं स्वतःच्या हातानं नळाचं पाणी घातलं. जांभळं ते जांभळंच राहिलं. मग साबणाचं घातलं, ते हिरवं झालं. आजीनं दारातूनच हाक मारली, “गुइलिम! परत ये. सगळ्यांना घेऊन ये!”

आजीच्या लहानपणी त्या ओढ्यात मासे होते. आता दगड गंजल्यासारखे झाले होते आणि मासा एकही उरला नव्हता. गाव त्याचं खापर कपडे धुणाऱ्या बायकांवर फोडायचं.

“बघितलंत?” त्यांच्यातली एक कडाडली. “आमचा साबण नाही!”

“मग हे आंबट येतं कुठून?” कुणीतरी विचारलं.

गुइलिम काकांनी आपल्या बुटांकडे बघितलं. “दोर आहे, चहा आहे, बूट चढवलेत. आता घरी जाऊन काय करायचंय?”

आणि मित्रांनो, सगळे निघाले. एका थर्मासमधला चहा ओतून त्यात कोबीचं पाणी भरलं. मला जाता आलं नाही, पण परत आल्यावर लोवरीनं माझ्याच टेबलाशी बसून सगळं सांगितलं. जसजसं वर जावं तसतसं पाणी जास्त गुलाबी. खाणीच्या जुन्या, बुजवलेल्या तोंडाशी सगळ्यात जास्त, आणि त्याच्या वर पुन्हा जांभळं. म्हणजे आंबट पाणी खाणीतूनच झिरपत होतं. ओल्वेन आजी त्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. वडील गेल्यापासून ती तिकडे कधी गेलीच नव्हती. खाली उतरताना ती नेरिसच्या दंडाला धरून उतरली.

त्यानंतर गावानं मला जाऊच दिलं नाही. नाटक बदललं. आता डोंगरात कुणी हरवत नाही, ओढ्यातले मासे हरवतात. मदतनीस झाली आहे ओल्वेन आजी, आणि नियम ती बिलकूल पाळत नाही. ऐन रंगात आलेलं असताना मध्येच विचारते, “जेवलास का रे?”

मित्रांनो, तुमच्या घरामागेही माझ्यासारखं कुणी शेवाळत उभं असेल. एकदा दार उघडून बघा. आणि कुणाला आत बोलवाल, तर त्यांचं आधीच काय हरवलंय ते विचारून घ्या.

मासे अजून परत आलेले नाहीत. लोवरी दर शनिवारी ओढ्याची बाटली भरून आणते. मग आजी माझ्या पायरीवर उभी राहते, आणि दार उघडण्याआधी एकेका घराला सांगते, “आत कुणी अडकलेलं नाही. हे नाटक आहे. पाणी मात्र खरं आहे. या.”