सातव्या खेपेची फांदी

बाबा गेले तेव्हा आमच्या फ्रिजमध्ये दुधापेक्षा पाला जास्त होता. गुराखी जखमेवर एका रानटी झुडपाचा रस चोळतात, एवढं ऐकून त्यांनी ते झुडूप धरलं, आणि मग एकोणीस वर्षं झुडपाने त्यांना धरलं. आई त्याला सवत म्हणायची. सवत निदान कधीतरी माहेरी जाते, असंही म्हणायची.

प्रयोगशाळेतल्या उंदरांना मात्र या संशोधनाचं काडीचं कौतुक नव्हतं. सहा खेपांचा पाला वाटून, गाळून, लावून झाला. जखमा आपापल्या वेळेनेच भरल्या. सातव्या खेपेला चौदा दिवसांची जखम सहा दिवसांत भरली. बाबांनी प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा तेच. निबंध लिहून झाला, आणि तो पाठवायच्या आत त्यांचं हृदय थांबलं. शोकसभेत विभागप्रमुखांनी त्यांना 'वनस्पतींचे ऋषी' म्हटलं. बाबा असते तर उठून निघून गेले असते.

तीन आठवड्यांनी उंदीरकाका आले. ते बाबांचे जुने सहकारी, प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं तेच बघतात. हे नाव मी सहा वर्षांची असताना ठेवलं आणि त्यांनी तक्रार न करता लावून घेतलं.

"निबंध सोमवारी जायला हवा," ते म्हणाले. "वारस म्हणून तुझी सही पाहिजे. आणि सातव्या खेपेची फांदी. नमुना जोडल्याशिवाय छापत नाहीत ते."

पाला सुकवणं अकरा वर्षं आईकडे होतं. प्रयोगशाळेच्या भट्टीत तो करपायचा, म्हणून बाबा जुड्या घरी आणत. आई त्या गॅलरीत सावलीत सुकवी, चुरा करी, बरणी भरून देई. नियम एकच: प्रत्येक खेपेची एक अख्खी फांदी वर्तमानपत्रात दाबून, तारीख घालून ठेवायची.

काकांनी जेवणाच्या टेबलावर सातही घड्या उलगडल्या. शेवटच्या फांदीचा देठ त्यांनी बोटांत फिरवला. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा फिरवला.

"वहिनी, हा देठ चौकोनी आहे."

"असेल."

"बाकी सहा गोल आहेत."

आई गाजर चिरत होती. सुरी थांबली नाही.

"ते पहिल्या झटक्याला दवाखान्यात होते ना, तेव्हा मीही तिकडेच. परत येऊन बघते तर अख्ख्या जुडीला बुरशी. आता त्या आजारी माणसाला काय सांगू, तुमचा पाला कुजला म्हणून? पंपघराच्या मागे तसलंच काहीतरी उगवतं. आणलं उपटून."

"तसलंच?"

"पान तसंच होतं. वासही तितकाच घाण."

"आणि त्याची फांदी दाबून ठेवलीत?"

"मग! नियम होता ना."

चोरी केली ती केली, वर पुरावाही तारीख घालून जपला. मला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते थांबेना.

काका हसले नाहीत. त्यांनी फांदी घडीत परत ठेवली.

"हे बघ पोरी, आपण सहावी फांदी लावू. वर सातवीची तारीख घालू. कोण बघायला येतंय? त्याचं नाव राहील. एकोणीस वर्षं गं."

कागद माझ्यासमोर होता. वर झुडपाचं लॅटिन नाव, खाली बाबांचं. सही केली की दोन्ही कायमची शेजारी राहणार होती. खरं सांगायचं तर मी पेनाचं टोपण काढलंही होतं.

"काका, बाबांच्या पायाखाली एक उंदीर आला होता. वहीत काय नोंद केली त्यांनी?"

"'संशोधकाच्या पायाखाली मृत,'" काका पुटपुटले. "मी म्हटलं होतं, नैसर्गिक कारण लिही. ऐकेल तर शपथ."

मी निबंधाचा कागद बाजूला सारला आणि बाबांची वही आणली. सहा खेपांपुढे त्यांनी सहा वेळा 'परिणाम: अद्याप नाही' लिहिलं होतं. सातव्या नोंदीखाली मी लिहिलं: पाला दुसऱ्याच झाडाचा. मूळ झुडपाचा जखमेवर परिणाम: नाही. 'अद्याप' लिहिलं नाही.

काकांनी वाचलं, नाक शिंकरलं.

"बरं, पण ती जखम तर भरलीय," ते म्हणाले. "तीन वेळा. कशाने तरी भरलीच ना?"

आम्ही तिघं पंपघराच्या मागे गेलो. फुटक्या नळाशेजारी ते झुडूप गुडघाभर उभं होतं, चौकोनी देठांचं, घाण वासाचं, स्वतःच्या तोऱ्यात. काकांनी फांदी कापायला कात्री काढली, आणि खिशातून नमुन्याला लावायची नवी चिठ्ठी.

"नमुना गोळा करणारा म्हणून कुणाचं नाव घालू?"

"त्यांचंच घाला," आई म्हणाली.

"आई, तुझं," मी म्हटलं.

"माझं? म्हणजे उद्या उंदीर मेले की खापर माझ्यावर!" ती म्हणाली, पण काकांच्या हातातली कात्री तिने काढून घेतली. "सरका तुम्ही. मुळासकट उपटाल नाहीतर."